पांढऱ्या कोळशाचा जमाखर्च



दिवेलागणीच्या वेळीं आपण भिंतीवरचें बटण दाबतों आणि खोली उजळते. तो उजेड कोठून आला, याचा विचार त्या क्षणीं कोणी करीत नाहीं. आणि रोज तसा विचार करीत बसणें शक्यहि नाहीं. महिन्याकाठीं बिल आलें, म्हणजे मात्र आपण तें वरपासून खालपर्यंत वाचतों. आज मला बिलाविषयींच बोलावयाचें आहे; पण जें आपल्या दारीं येतें त्याविषयीं नव्हे, जें दुसऱ्याच कोणाच्या दारीं जातें त्याविषयीं.

मी मुलुंडचा रहिवासी. मुलांना भूगोल आणि अंकगणित शिकवण्यांत माझें आयुष्य गेलें. "पाण्यापासून होणारी वीज म्हणजे पांढरा कोळसा. हिला धूर नाहीं, राख नाहीं, आणि पाऊस पडतो आहे तोंवर ही संपावयाची नाहीं," हें वाक्य मीं किती वर्गांना उतरवून दिलें असेल, त्याची गणती नाहीं. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं सातवीच्या वर्गांत हेंच सांगत असतां एक मुलगी उभी राहिली. तिचें घराणें कोयनाकांठचें. ती म्हणाली, "गुरुजी, आमच्या आजोबांचं गांव धरणांत गेलं. तें कुठं लिहायचं?" फळ्यावर मीं फायदे आणि तोटे असे दोन रकाने आंखले होते, आणि तोट्यांच्या रकान्यांत "आरंभींचा खर्च अधिक" एवढेंच लिहिलेलें होतें. मी "बस खालीं" म्हणालों आणि धडा पुढें चालू केला. त्या मुलीला द्यावयाचें उत्तर राहून गेलें. तें आज देण्याचा प्रयत्न करतों.

प्रथम ही वीज होते कशी, तें पाहूं. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यांत अतोनात पाऊस कोसळतो. माथ्यावर उगम पावणाऱ्या भीमा, कृष्णा आणि त्यांच्या उपनद्या पूर्वेकडे वाहतात आणि शेंकडों कोसांचा प्रवास करून ते पाणी बंगालच्या उपसागरास नेऊन घालतात. पश्चिमेकडे मात्र थोड्याच अंतरावर डोंगर एकदम तुटतो आणि खालीं कोंकण लागतें. माथ्यावर धरण बांधून पूर्ववाहिनी नदी अडवावी, तिचें पाणी बोगद्यांतून आणि नळांतून कड्याखालीं सोडावें, आणि त्या वेगावर चक्रें फिरवावीं, ही युक्ति आपल्याकडे टाटांच्या कंपनीनें प्रथम साधली. खोपोलीचें वीजगृह १९१५ सालीं सुरू झालें. त्यामागून १९२२ सालीं भिवपुरीचें आणि १९२७ सालीं भिऱ्याचें. पुढें सातारा जिल्ह्यांत कोयना नदीवर १०३ मीटर उंचीचें धरण बांधण्यांत आलें आणि १९६२ सालापासून तिचें पाणी चिपळूण तालुक्यांतील पोफळीस उतरून वीज देऊं लागलें. आज कोयनेची एकूण क्षमता सुमारें १,९६० मेगावॅट आहे.

आतां थोडें अंकगणित. एक हजार लिटर पाणी पांचशें मीटर उंचीवरून खालीं आलें, तर त्यापासून सुमारें १.२ युनिट वीज मिळते. म्हणजे एका युनिटास सव्वाआठशें लिटर पाणी कडा उतरून यावें लागतें. ज्या घरांत महिन्याला दोनशें युनिट वीज लागते, तें घर सारें पाण्यावर चालवावयाचें तर दहा हजार लिटरचे सोळासतरा टँकर भरतील एवढें पाणी दरमहा सह्याद्री उतरलें पाहिजे. आमच्या मुलुंडास महावितरण वीज पुरवतें. तारांच्या जाळ्यांत कोळशाची, पाण्याची, उन्हाची अशी सर्व वीज एकत्र मिसळते. तेव्हां अमुक दिवा कोयनेच्या पाण्यावर लागला, असें कोणास बोट दाखवून सांगतां येणार नाहीं. परंतु तिच्या पाण्याचा वांटा त्यांत आहे, एवढें निश्चित. म्हणून हा हिशेब आपल्या घरचा आहे.

एखाद्या धंद्याचा निसर्गावर काय परिणाम होतो, हें ठरवतांना शास्त्रज्ञ तो धंदा चालू असतांनाचें एखादें वर्ष घेत नाहींत. त्याच्या सर्व आयुष्याचा हिशेब मांडतात. आपल्या बोलींत सांगावयाचें तर बारशापासून बाराव्यापर्यंतचा. जलविद्युतेचाहि हिशेब असाच मांडूं.

बारशाचा खर्च पहिला, आणि तो जमिनीचा. दरी बुडते तेव्हां प्रथम तिचा तळ बुडतो. आणि तळाशींच भातखाचरें, विहिरी, घरें, देवळें आणि स्मशानें असतात. वरचे उतार आणि खडक शिल्लक राहतात, पण त्यांवर कोणाचें पोट भरत नाहीं. मुळशी पेट्यांत हें प्रथम मोठ्या प्रमाणावर अनुभवास आलें. मुळा आणि नीला यांच्या खोऱ्यांतील पन्नासाच्या वर गांवें बुडणार होतीं. १९२१ सालच्या रामनवमीस मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला; सेनापति बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे पुढारी, आणि "जान किंवा जमीन" ही त्यांची घोषणा. धरणाविरुद्ध जगांत झालेल्या अगदीं आरंभींच्या लढ्यांपैकीं हा एक होय. तीन वर्षें तो चालला. अखेर धरण झालें, भिऱ्याचें वीजगृह चालू झालें आणि मावळे देशोधडीस लागले. मुंबईच्या गिरण्यांना स्वस्त वीज मिळाली, हें खरें. परंतु तिचा एक भाग मुळशीच्या भातशेतांनीं फेडलेला होता.

कोयनेची कथा निराळी नाहीं. शिवाजीसागर हें तिचें जलाशय सुमारें ११५ चौरस किलोमीटर पसरलें आहे. त्याखालून उठलेलीं माणसें सातारा, सांगली, सोलापूर, ठाणें आणि आजचा रायगड अशा जिल्ह्यांत विखुरलीं गेलीं. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदा १९७६ सालीं झाला. म्हणजे कोयनेचें पाणी अडल्यावर तो चौदा वर्षांनीं आला. जे गांवकरी पाण्याच्या वरच्या अंगास सरकून राहिले, त्यांच्या भोंवतीं १९८५ सालीं अभयारण्य झालें आणि २०१० सालीं व्याघ्र प्रकल्प. त्यामुळें त्यांतील कांहींना दुसऱ्यांदा उठण्याची पाळी आली. रानाचें रक्षण झालें, ही जमेची बाजू निःसंशय आहे. पण एकाच घराण्यानें एकदां विजेसाठीं आणि एकदां वाघासाठीं घर सोडावें, हा हिशेब कोणत्याहि वहींत बरोबर दिसत नाहीं.

बांधकामाचाहि भार असतो. एक टन सिमेंट तयार करतांना अर्ध्या टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड वायु हवेंत जातो. त्यांत पोलाद, खोदकाम, खाणी, रस्ते आणि तोडलेलें रान मिळवा. म्हणजे धुराविण म्हणविणारी वीजहि जन्मतःच थोडा धूर सोडून येते. मात्र धरण शंभर वर्षें चालतें, आणि तेवढ्या काळांत निघणाऱ्या विजेवर हा भार वांटला असतां तो फार थोडा उरतो.

आतां चालत्या आयुष्याचा खर्च. हवामानबदलावरील आंतरशासकीय समितीनें २०१४ सालीं निरनिराळ्या विजांची तुलना दिली आहे. सर्व आयुष्याचा हिशेब धरून कोळशाच्या एका युनिटामागें सुमारें ८२० ग्रॅम, तर पाण्याच्या एका युनिटामागें सुमारें २४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडाइतका भार पडतो, असा त्यांतील मध्यम आंकडा आहे. एवढ्यावरून मीं फळ्यावर लिहिलेलें वाक्य बरेंचसें खरें ठरतें. परंतु मध्यम आंकडा म्हणजे प्रत्येक धरणाचा आंकडा नव्हे. उष्ण प्रदेशांत रान बुडवून केलेल्या उथळ जलाशयांत झाडपाला कुजतो आणि मिथेन वायु निघतो. तो उष्णता कोंडण्यांत कार्बन डायऑक्साइडाहून कितीतरी पटींनीं प्रबळ आहे. ब्राझीलमधील बाल्बिना धरणानें अवघ्या २५० मेगावॅटसाठीं सुमारें २,३६० चौरस किलोमीटर रान बुडवलें, आणि त्याची वीज कोळशाच्या विजेहूनहि वाईट ठरली. कोयनेशीं ताडून पाहा: तेथें बुडालेली जमीन वीस पट, आणि क्षमता आठवा हिस्सा. फरक उंचीचा आहे. पाणी जितकें उंचावरून पडेल, तितकें तें कमी लागतें आणि तितकी जमीन कमी बुडते. सह्याद्रीचा कडा हें या बाबतींत आपलें मोठें भाग्य होय.

पण त्याच भाग्यांत आपल्याकडचा सर्वांत मोठा खर्चहि दडलेला आहे. इतर देशांत बहुधा वीजगृहांतून बाहेर पडलेलें पाणी त्याच नदींत परत जातें. आपण तें डोंगरापलीकडे नेतों. पूर्वेकडे जावयाचें पाणी पश्चिमेकडे वळतें आणि तेथून थोड्याच वेळांत समुद्रास मिळतें. कृष्णा पाणी तंटा लवादानें १९७६ सालच्या निवाड्यांत या वळवण्यास मर्यादा घातल्या. कोयनेसाठीं वर्षास ६७.५ अब्ज घनफूट आणि टाटांच्या धरणांसाठीं सरासरी ४२.६ अब्ज घनफूट, असे ते आंकडे आहेत. बेरीज होते ११० अब्ज घनफुटांची. पुण्यास पाणी पुरवणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगांव आणि टेमघर या चारहि धरणांत मिळून सुमारें २९ अब्ज घनफूट पाणी मावतें. म्हणजे तीं चारहि धरणें जवळजवळ चार वेळां भरतील, एवढ्या पाण्याची ही वार्षिक मर्यादा आहे. आणि ज्या दिशेकडून तें वळवलें, त्याच दिशेस माण, खटाव, सांगोला आणि जत हे अवर्षणाचे तालुके आहेत. तेथें उन्हाळ्यांत घागरींच्या रांगा लागतात. त्यांच्या दुष्काळाचें एकमेव कारण हें पाणी वळवणें आहे, असें मी म्हणणार नाहीं. तो प्रदेश मुळांतच पर्जन्यछायेंतला आहे. तथापि ज्यांच्याकडे पाणी कमी, त्यांच्याच खोऱ्यांतून आपण पाणी उचलतों, ही गोष्ट पांढऱ्या कोळशाच्या वर्णनांत कोठेंच येत नाहीं.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. कोंकणांत उतरलेलें पाणी सारेंच वायां जातें, असें नाहीं. खोपोलीचें पाणी पाताळगंगेंत, भिवपुरीचें उल्हासेंत, भिऱ्याचें कुंडलिकेंत आणि कोयनेचें वाशिष्ठींत जातें. या नद्या पूर्वीं उन्हाळ्यांत रोडावत. आतां बारा महिने वाहतात, आणि त्यांच्या कांठचीं शहरें, खेडीं आणि कारखाने त्यांवर विसंबलेले आहेत. कल्याण-उल्हासनगरच्या बाजूच्या लोकवस्तीस उल्हासेचें पाणी मिळतें, त्यांत भिवपुरीचा वांटा आहे. तेव्हां उद्यां हें पाणी पुनः पूर्वेकडे फिरवावें म्हटलें, तर या लोकांच्या तोंडचें पाणी पळेल. एकदां मोडलेली नदी पुन्हां जोडणें इतकें सोपें नसतें.

नदीच्या स्वभावांतहि पालट होतो. वीज ज्या घटकेस हवी, त्या घटकेस पाणी सुटतें. मागणी ओसरली कीं बंद होतें. कोलाडजवळ कुंडलिकेंत रबरी होड्यांतून जाण्याची मौज लुटावयास पुष्कळ मुंबईकर जातात; ती सारी मौज भिऱ्याहून सुटणाऱ्या पाण्यावर चालते. पाणी आलें कीं नदी, थांबलें कीं खडक. माणसास वेळापत्रक कळतें. माशास, कांठावरच्या अंड्यांस आणि पाणकिड्यांस तें कळत नाहीं. शिवाय धरणाची भिंत माशांचा वरखालीं जाण्याचा मार्ग तोडते. आपल्या नद्यांतील महसीर हा मोठा मासा असा प्रवास करणारा आहे. लोणावळ्यास वळवण येथें टाटांच्या कंपनीनें महसिराची पैदास करण्याचें काम गेल्या शतकापासून चालविलें आहे, हें स्तुत्य होय. पण जें काम नदी फुकट करीत होती, तें आतां हौदांत करावें लागतें, हेंहि त्यांतून दिसतें.

गाळाचीहि तीच गोष्ट. नदी पाण्याबरोबर माती वाहून नेते; धरण ती अडवतें. वर जलाशय हळूहळू भरत जातो आणि खालीं कांठ उपाशी राहतात. ईजिप्तमध्यें १९७० सालीं आस्वानचें उंच धरण पुरें झाल्यावर नाइलचा सुपीक गाळ शेतांवर येईनासा झाला आणि तिच्या मुखाजवळचा किनारा समुद्र खाऊं लागला.

आणखी एक खर्च महाराष्ट्रानें फार जबर दरानें मोजला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर भूकंपानें हादरलें. त्याची तीव्रता साडेसहाच्या जवळपास होती. दोनशेंच्या सुमारास माणसें दगावलीं आणि हजारों घरें पडलीं. धरणास तडे गेले, पण तें टिकलें. पुढें त्यास जोड देऊन बळकट करण्यांत आलें. जलाशय भरूं लागल्यानंतर थोड्याच काळांत तेथें लहान धक्के जाणवूं लागले होते. पाण्याच्या भारानें आणि खडकाच्या भेगांत मुरलेल्या पाण्याच्या दाबानें, आधींच ताणलेला खडक सरकतो, असें आतां शास्त्रज्ञ मानतात. जलाशयामुळें चाळवल्या गेलेल्या भूकंपांचें कोयना हें जगांतील ठळक उदाहरण आहे. पाण्याची पातळी चढते-उतरते तसे आजहि तेथें धक्के बसतात. त्यांच्या अभ्यासासाठीं कराड येथें केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, आणि त्या भागांत तीन किलोमीटर खोल विवर खणून खडकाची परीक्षा करण्यांत आली आहे.

आतां बाराव्याचा खर्च. तो बहुतेक हिशेबांत लिहिलेलाच नसतो. धरण अमर नाहीं. गाळ सांचतो, चुना झिजतो, लोखंड गंजतें. आणि ज्या पावसाच्या मोजमापावर सांडवा बांधला, तो पाऊसहि बदलतो. लोणावळ्याच्या परिसरांतील धरणें शंभरीच्या घरांत आहेत. पानशेत फुटून १२ जुलै १९६१ रोजीं पुण्याची काय दशा झाली, हें ज्यांनीं घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलें असेल, त्यांना धरणाच्या देखभालीचें महत्त्व सांगावयास नको. आपल्या देशानें धरणसुरक्षिततेचा कायदा केला तो २०२१ सालीं. अमेरिकेंत एल्वा नदीवरील दोन जुनीं धरणें २०११ ते २०१४ या काळांत पाडून नदी मोकळी करण्यांत आली आणि सामन मासे पुन्हां वर चढूं लागले. पाडण्याचा खर्चहि मोठा असतो. तो कोणी द्यावयाचा, हें बांधणाऱ्यानेंच आधीं लिहून ठेवावयास हवें.

इतकें ऐकून कोणी म्हणेल, "तर मग ही वीज नकोच." तसें माझें म्हणणें नाहीं. कोळशाच्या विजेचा खर्च खाणींत, राखेच्या ढिगांत आणि आपल्या फुप्फुसांत लिहिलेला आहे, आणि तो याहून पुष्कळ जड आहे. शिवाय पाण्याची वीज मिनिटांत चालू होते. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबईची वीज एकाएकीं गेली, लोकल गाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या; त्या वेळीं पुरवठा पुन्हां उभा करतांना टाटांचीं जलविद्युत् यंत्रें उपयोगी पडलीं. हा गुण कोळशांत नाहीं.

आणि म्हणूनच हा विषय आज पुन्हां दारांत उभा आहे. ऊन दिवसा असतें, दिवे रात्रीं लागतात. तेव्हां दुपारच्या जादा विजेनें पाणी वरच्या तळ्यांत चढवावयाचें आणि रात्रीं खालीं सोडून वीज घ्यावयाची, अशी उदंचन नांवाची रीत आहे. शंभर युनिट खर्चावेत तेव्हां पाऊणशें ते ऐंशी परत मिळतात. परंतु हव्या त्या वेळीं मिळतात. घाटघर येथें असें २५० मेगावॅटचें केंद्र २००८ सालापासून आहे. ऑगस्ट २०२३ मध्यें महाराष्ट्र सरकार आणि टाटा पॉवर यांच्यांत शिरवटा येथें १,८०० आणि भिवपुरी येथें १,००० मेगावॅटच्या अशा केंद्रांविषयीं करार झाला, आणि सह्याद्रींत इतरत्रहि असे प्रकल्प योजिले जात आहेत. त्यांत तेंच पाणी वरखालीं फिरतें, म्हणून नवी दरी फारशी बुडत नाहीं. जुनें तळें वापरलें तर त्याहून कमी. पण बोगदे, रस्ते, खोदलेला खडक, तुटलेलें रान आणि तेथें राहणारीं माणसें हा खर्च राहतोच.

तेव्हां आपण, म्हणजे वीज वापरणाऱ्यांनीं, तीन गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली, कामास हात घालण्यापूर्वीं बारशापासून बाराव्यापर्यंतचा हिशेब मराठींत छापून त्या गांवच्या चावडीवर वाचला जावा. दुसरी, पाणी अडण्यापूर्वीं माणसांचें बस्तान बसलेलें असावें, मागाहून नव्हे. तिसरी, नदीला तिचा वांटा मिळावा, आणि दुष्काळाच्या वर्षीं पूर्वेकडच्या घागरीचा विचार पश्चिमेकडच्या चक्राच्या आधीं व्हावा. याबरोबर एक चौथी गोष्ट आपल्या हातची आहे. रिकाम्या खोलींतला एक पंखा बंद केला, तर कड्यावर थोडें पाणी राहतें. ती बचत लहान आहे. पण तिला ना धरण लागतें, ना कोणाचें गांव.

ती मुलगी आज पंचेचाळिशीच्या पुढें असेल. कदाचित् तिचीं मुलें हाच धडा शिकून गेलीं असतील. ती ऐकत असल्यास तिला माझें सांगणें एवढेंच कीं, बाई, तुझा प्रश्न बरोबर होता आणि माझा फळा चुकला होता. आजोबांचें गांव तोट्यांच्या रकान्यांत लिहावयाचें, आणि तें सर्वांत वर लिहावयाचें. कारण बाकीचे आंकडे आपण सारे मिळून फेडतों, पण तेवढा एक आंकडा तुझ्या आजोबांनीं एकट्यानें फेडला.